प्रोबेशनवर सुटका आणि गुन्ह्याची नोंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायालयाने दोषी ठरवले, पण तुरुंगात न पाठवता ‘बाँडवर सोडले’. अशा माणसाला आणि त्याच्या घरच्यांना पुढे कित्येक वर्षे तेच ते प्रश्न छळत राहतात. केस संपली की लोंबकळत आहे? पोलिसांकडे नाव राहणार का? नोकरीच्या अर्जात काय लिहायचे? खालची उत्तरे प्रामुख्याने अपराधी परिविक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियम, १९५८ या केंद्रीय कायद्याला धरून आहेत. प्रत्येकाच्या निकालपत्रातली भाषा वेगळी असते, त्यामुळे आपले निकालपत्र शेजारी ठेवूनच हे वाचावे.

प्रोबेशनवर सोडले म्हणजे मी निर्दोष सुटलो का?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. निर्दोष सुटका म्हणजे गुन्हा शाबित झाला नाही. प्रोबेशनमध्ये गुन्हा शाबित झालेला असतो, न्यायाधीशांनी तुम्हाला दोषी धरलेले असते. फक्त शिक्षा लगेच न सुनावता राखून ठेवलेली असते. निकालपत्राचे शेवटचे पान, म्हणजे ‘आदेश’ हा भाग काढून पाहा. पहिल्या मुद्द्यात अमुक गुन्ह्यासाठी दोषी ठरवण्यात येत आहे असे असेल आणि दुसऱ्यात शिक्षेऐवजी बंधपत्रावर सोडण्यात येत आहे असे असेल, तर ते प्रोबेशन. १९५८ च्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली सोडले तो आकडा, ३ की ४, तिथेच पेन्सिलने खूण करून ठेवा. पुढची बरीच उत्तरे त्या आकड्यावर अवलंबून आहेत.

अमेरिकेत ‘डिफर्ड जजमेंट’मध्ये केस रद्द होते म्हणे. आपल्याकडे तसे नाही का?

तसे नाही. उदाहरणार्थ कोलोराडो राज्यात आरोपी गुन्हा कबूल करतो, सरकारी पक्षाच्या संमतीने न्यायालय निकालाची नोंदच पुढे ढकलते. गंभीर गुन्ह्यात जास्तीत जास्त चार वर्षे, किरकोळ गुन्ह्यात दोन. अटी पाळल्या तर कबुली मागे घेतली जाते आणि आरोप कायमचा काढून टाकला जातो. तिथे पुढे जातो तो निकाल. आपल्याकडे निकाल लागून जातो, पुढे जाते ती शिक्षा. म्हणून आपली तीन वर्षे बिनबोभाट पार पडली तरी दोषी ठरवल्याचा निकाल जागेवरच राहतो.

कलम ३ आणि कलम ४ यांत फरक काय?

कलम ३ म्हणजे ताकीद देऊन सोडणे. बंधपत्र नाही, मुदत नाही, देखरेख नाही. न्यायाधीश खुल्या न्यायालयात समज देतात आणि माणूस घरी जातो. हे फक्त ठरावीक गुन्ह्यांत होते: भारतीय दंड संहितेची कलमे ३७९, ३८०, ३८१, ४०४ आणि ४२० (साधी चोरी, घरातली चोरी, नोकराने केलेली चोरी, मृताच्या मालमत्तेचा अपहार, फसवणूक), किंवा ज्या गुन्ह्याला दोन वर्षांपेक्षा जास्त कैद नाही असा कोणताही गुन्हा. शिवाय पूर्वी एकदाही दोषी ठरलेले नसणे ही पक्की अट. पूर्वी कलम ३ किंवा ४ खाली सोडले असेल, तर तेही इथे ‘पूर्वीची दोषसिद्धी’ म्हणूनच धरतात. म्हणजे ताकीद ही एकदाच मिळणारी गोष्ट आहे.

कलम ४ ची व्याप्ती मोठी. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात न्यायालय आरोपीला बंधपत्रावर सोडू शकते. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. त्या काळात न्यायालयाने बोलावले तर शिक्षा ऐकायला हजर व्हायचे आणि तोवर शांतता राखून नीट वागायचे, हे त्यातले मुख्य वचन.

मला प्रोबेशन मिळू शकते का, हे कसे ओळखायचे?

आधी आपल्या कलमाची कमाल शिक्षा पाहा. ‘दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप’ असे असेल तर दार बंद, मग प्रत्यक्षात न्यायाधीश सहाच महिने देणार असले तरी. गंभीर दुखापतीचेच घ्या. हाताने मारहाण करून हाड मोडले तर भारतीय न्याय संहितेचे (दंड संहितेच्या जागी आलेला नवा कायदा) कलम ११७(२) लागते, कमाल सात वर्षे, प्रोबेशन शक्य. तेच हाड कोयत्याने मोडले तर कलम ११८(२), त्यात जन्मठेपेची तरतूद आहे, प्रोबेशन नाही. म्हणून दोषारोपपत्रातले कलम कोणते आणि शेवटी शाबित झाले ते कोणते, हे वेगवेगळे पाहावे लागते. वरचे कलम टिकले नाही आणि खालचे शाबित झाले, तर वाट मोकळी होते.

काही कायद्यांनी स्वतःच प्रोबेशन बाहेर ठेवले आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ३३ प्रमाणे अठरा वर्षांवरील व्यक्तीला ते मिळत नाही. अपवाद कलम २६ आणि २७ चा, आणि त्यातले २७ म्हणजे स्वतः सेवन करणे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्येही अठरा वर्षांवरील दोषींना मनाई आहे. लाचलुचपतीच्या प्रकरणात १९८८ च्या कायद्याखाली प्रोबेशन देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले आहे.

कायद्याने मनाई नाही, पण न्यायालये हात आखडता घेतात अशीही प्रकरणे आहेत. बेदरकार वाहन चालवून कुणाचा जीव गेला असेल तर सहजासहजी प्रोबेशन देऊ नये, अशी सर्वोच्च न्यायालयाची २००० सालापासूनची भूमिका आहे. अपघाताच्या केसमध्ये ‘पहिलाच गुन्हा आहे साहेब’ एवढ्यावर भागत नाही, ते यामुळे.

वय २१ पेक्षा कमी असेल तर?

मग कलम ६ कामाला येते आणि पारडे उलटे होते. जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील व्यक्तीला कैदेची शिक्षा द्यायचीच असेल, तर प्रोबेशन का योग्य नाही याची कारणे न्यायालयाला लिहावी लागतात आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल मागवावाच लागतो. अहवाल न मागवता दिलेली कैद अपिलात डळमळते.

वय कोणत्या दिवशीचे मोजायचे? रामजी मिसर निकालानुसार (१९६३) खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले त्या दिवशीचे. गुन्हा घडला तेव्हाचे नाही. एकोणिसाव्या वर्षी भांडण झाले आणि केस चार वर्षे रेंगाळली, तर कलम ६ चे संरक्षण निघून गेलेले असते. कलम ४ मात्र सर्वांना खुले असल्याने मागणी तरीही करता येते. वयाच्या पुराव्यासाठी जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला वेळेत दाखल करा. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. अठराच्या आतल्या मुलांचा कायदाच वेगळा, तो या पानाचा विषय नाही.

मागणी कधी आणि कशी करायची?

दोषी ठरवल्यानंतर आणि शिक्षा सुनावण्याआधी न्यायालय आरोपीला शिक्षेबाबत बोलू देते. ही सुनावणी बहुधा त्याच दिवशी, कधी जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच होते. तयारी नसेल तर आरोपी ‘दया करा’ एवढेच म्हणतो आणि रोजनाम्यात (खटल्याच्या रोजच्या नोंदीत) तेवढेच उतरते. त्यापेक्षा निकालाच्या तारखेला पुढचे कागद सोबत ठेवावेत: कायद्याच्या कलमाचा उल्लेख असलेला लेखी अर्ज, राहत्या घराचा पुरावा, नोकरीचे किंवा शिक्षणाचे पत्र, घरात अवलंबून असलेल्यांचा आणि आजारपणाचा पुरावा, फिर्यादीचे नुकसान भरून दिले असल्यास त्याची पावती. आणि तयार असलेला जामीनदार, कागदांसह, न्यायालयाच्या आवारात.

कायम पत्ता किंवा नियमित काम, आरोपीचे किंवा जामीनदाराचे, त्या न्यायालयाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथे राहणार आहे तिथे असले पाहिजे, अशी कलम ४ चीच अट आहे. भाड्याच्या खोलीवर राहणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा इथे होते. भाडेकरार नसेल तर निदान जामीनदार तरी स्थानिक असावा.

न्यायालयाने प्रोबेशन नाकारले तर का नाकारले हे निकालात यायला हवे. वकिलाने मागणी केल्याचा उल्लेखच निकालात नसेल तर अपिलात आधी त्यावरच वाद घालत बसावे लागते. म्हणून तोंडी मागणीवर थांबू नये. खालच्या न्यायालयात राहून गेले तरी अपील किंवा पुनरीक्षण ऐकणारे न्यायालयही प्रोबेशन देऊ शकते, तशी तरतूद कलम ११ मध्ये आहे.

परिविक्षा अधिकारी घरी येऊन काय पाहतो?

महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली येतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्या विभागाच्या कार्यालयात बसतात. ते पोलीस नाहीत, तपासही करत नाहीत. गुन्हा केला की नाही हा त्यांचा विषय नसतो, कारण ते ठरून गेलेले असते. घरात कोण कोण आहे, कमावते किती, शिक्षण कुठे थांबले, दारू वा इतर व्यसन, कर्ज, शेजाऱ्यांचे म्हणणे, फिर्यादीशी आता संबंध कसे आहेत, पुन्हा तीच संगत आहे का, अशा गोष्टींची ते नोंद घेतात.

इथे घरचे एक चूक हमखास करतात. अधिकारी आला की ‘आमच्या पोराने काही केलेच नाही, त्याला अडकवले’ ही कैफियत सुरू होते. अहवालात मग ‘पश्चात्ताप दिसून आला नाही’ अशी ओळ येते आणि ती जड जाते. अपिलात निर्दोषत्वाचा मुद्दा खुशाल मांडा, तो हक्क आहे. या भेटीत मात्र आत्ताचे राहणीमान, काम आणि पुढची व्यवस्था याबद्दल बोला. व्यसन असेल तर लपवू नका, शेजारी सांगतातच. त्यापेक्षा उपचार सुरू केल्याचा कागद दाखवलेला बरा.

हा अहवाल गोपनीय असतो. त्याची प्रत मागून मिळेलच असे नाही, पण न्यायालय त्यातला मथितार्थ आरोपीला सांगून त्यावर पुरावा देण्याची संधी देऊ शकते. अहवाल विरोधात गेला असे दिसले तर ही संधी लेखी मागा.

बंधपत्र भरताना काय लागते?

रक्कम न्यायालय ठरवते. ती भरायची नसते, वचन मोडले तर वसूल व्हायची असते. काही वेळा फक्त स्वतःचे बंधपत्र चालते, काही वेळा एक किंवा दोन जामीनदार लागतात. जामीनदाराचा फोटो, ओळखपत्र, रेशनकार्ड आणि ऐपत दाखवणारा कागद, म्हणजे सात-बारा उतारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक, मागितला जातो. सात-बारा जुना नको, ताजा काढा; त्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा किती आहे हेही पाहिले जाते.

जामीनदाराला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. खटला चालू असताना दिलेला जामीन निकालाबरोबर संपतो. हा नवा आहे आणि तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. ‘नुसती सही कर’ म्हणून चुलत्याला उभे केले आणि दोन वर्षांनी त्याच्या दारात वसुलीची नोटीस आली, की नात्यात कायमची गाठ पडते.

देखरेखीखाली ठेवले आहे. म्हणजे काय करावे लागते?

प्रत्येक प्रोबेशनमध्ये देखरेख नसते. न्यायालयाने वेगळा देखरेखीचा आदेश केला तरच ती लागते आणि मग किमान एक वर्ष चालते. या आदेशाची प्रत तुम्हाला, जामीनदाराला आणि परिविक्षा अधिकाऱ्याला द्यायची असते, आणि न्यायालयाने अटी समजावून सांगायच्या असतात. प्रत हाती पडली नाही तर दुसऱ्याच दिवशी मागा. अटी माहीतच नव्हत्या, हे नंतर कुणी ऐकत नाही.

अटी साधारण अशा असतात: ठरलेल्या पत्त्यावर राहणे, दारू किंवा नशा न करणे, ठरलेल्या दिवशी अधिकाऱ्याकडे हजेरी, फिर्यादीच्या वाटेला न जाणे. प्रत्येक हजेरीला आपल्या वहीत तारीख आणि अधिकाऱ्याची सही घेत जा. कार्यालयातले रजिस्टर त्यांचे असते, वही तुमची असते. अधिकाऱ्याची बदली झाली की तिची किंमत कळते.

प्रोबेशनबरोबर दंडही ठोठावला आहे. हे बरोबर आहे का?

कलम ४ खाली सोडताना ‘कोणतीही शिक्षा लगेच न देता’ सोडायचे असते, आणि दंड ही शिक्षाच आहे. त्यामुळे त्याच गुन्ह्यात प्रोबेशनही आणि दंडही, हे कायद्यात बसत नाही. बसते ते कलम ५: फिर्यादीला झालेल्या नुकसानीची भरपाई आणि खटल्याचा खर्च. ही रक्कम वसूल मात्र दंडासारखीच केली जाते. निकालपत्रात ‘दंड’ लिहिले आहे की ‘भरपाई’, हे पाहा. नाझरकडे (न्यायालयात पैसे जमा करून घेणारा कर्मचारी) पैसे भरल्याची पावती दोन्ही वेळी जपून ठेवायची.

कामासाठी गाव सोडावे लागते. चालेल का?

न विचारता नाही. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार घ्या. आदेश झाला जूनमध्ये, तेव्हा तो गावात आहे. दिवाळीच्या आसपास टोळी मुकादमाबरोबर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. या काळात अधिकाऱ्याचे पत्र गावच्या पत्त्यावर येते, ‘घरी आढळून आला नाही’ म्हणून परत जाते, तीनदा परत गेले की न्यायालयात अहवाल जातो. माणसाने काहीही वाईट केलेले नसते. त्याने फक्त ऊस तोडला.

यावर उपाय दोन. पहिला, आदेश होण्याआधीच हंगामी स्थलांतर होते हे अधिकाऱ्याला आणि न्यायालयाला सांगणे, म्हणजे अटच तशी लिहिता येते. दुसरा, नंतर अडचण आली तर कलम ८ खाली अट बदलून घेणे: कुठल्या कारखान्यावर, कुणाच्या टोळीत, कधीपासून कधीपर्यंत, तिथला पत्ता आणि फोन. अर्ज अधिकाऱ्यामार्फत गेला तर लवकर सुटतो. दुसऱ्या शहरात नोकरी लागली, लग्नानंतर सासरी जायचे आहे, कॉलेजसाठी पुण्याला जायचे आहे, या सगळ्याला हाच मार्ग. न्यायालय या कलमाखाली मुदत कमी-जास्तही करू शकते, पण मूळ आदेशापासून एकूण तीन वर्षांच्या पुढे नेऊ शकत नाही.

अट मोडली तर थेट तुरुंग का?

थेट नाही. अधिकाऱ्याचा अहवाल आला किंवा इतर कुठून कळले, की न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढते. हजर झाल्यावर तुमचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. अट मोडल्याची खात्री पटली तर न्यायालयापुढे दोन रस्ते असतात. एक, राखून ठेवलेली मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणे. दोन, चूक पहिलीच असेल तर बंधपत्र चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड. हो, पन्नासच, १९५८ सालचा आकडा तसाच राहिला आहे. पण तो वेळेत भरला नाही तर पुन्हा मूळ शिक्षेचा रस्ता उघडतो. पन्नास रुपयांकडे दुर्लक्ष करून तुरुंगाची वाट मोकळी करू नका.

समन्स आले तर टाळू नये. हजेरी चुकण्यामागे आजारपण, अपघात, घरात मृत्यू असे कारण असेल तर त्याचे कागद पहिल्याच तारखेला द्यावेत. आणि त्या काळात नवा गुन्हा दाखल झाला असेल, तर नुसत्या एफआयआरवरून बंधपत्र मोडले असे आपोआप ठरत नाही, पण न्यायालय विचारणा नक्की करते. वकिलाशिवाय उभे राहू नका.

मुदत संपली. आता काही करायचे असते का?

कायदा तुमच्याकडून काही मागत नाही, पण कागद गोळा करण्याची हीच वेळ. पाच वर्षांनी नोकरीच्या पडताळणीत कुणी विचारले तर जुनी फाइल अभिलेख कक्षातून शोधण्यापेक्षा आत्ताच पुढील गोष्टी घ्या: निकालपत्राची सहीशिक्क्याची नक्कल, बंधपत्राची प्रत, भरपाईची पावती, देखरेख होती तर अधिकाऱ्याचा शेवटचा अहवाल किंवा मुदत पूर्ण झाल्याचे पत्र. नकलेचा अर्ज साधा असतो, खटला क्रमांक आणि सोळा अंकी सीएनआर क्रमांक (ई-कोर्टमधला खटल्याचा ओळख क्रमांक) लागतो. वागणूक उत्तम असेल तर अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय मुदतीआधीही बंधपत्रातून मोकळे करू शकते. तसे झाले असल्यास तो आदेशही जोडा.

नोंद पुसली जाते का?

प्रौढांसाठी अशी सोय आपल्या कायद्यात नाही. मुदत संपली म्हणून पोलीस ठाण्यातली, पोलिसांच्या संगणकातली किंवा ई-कोर्टच्या संकेतस्थळावरची नोंद आपोआप जात नाही. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार बोटांचे ठसे वगैरे मापे ७५ वर्षे जपली जातात. ती नष्ट करण्याची तरतूद आहे ती पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या आणि खटल्याविना सुटलेल्या, दोषमुक्त किंवा निर्दोष ठरलेल्यांसाठी. प्रोबेशनवाला त्यात बसत नाही, कारण तो दोषी ठरलेला आहे. अमुक हजार रुपयांत नोंद ‘क्लिअर’ करून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. त्याला विकायला काहीच नसते.

मग कलम १२ चा फायदा काय?

फायदा मोठा आहे, फक्त त्याच्या नावाने भलतेच सांगितले जाते. एखाद्या कायद्यात दोषी ठरलेली व्यक्ती अमुक पदासाठी अपात्र, असे लिहिले असेल, तर कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला ती अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी राहते, तिच्या शेपटीला बांधलेली अपात्रता गळते. वकिलीचेच उदाहरण: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद मिळत नाही, पण अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४क मध्येच प्रोबेशनवर सोडलेल्याला त्यातून वगळले आहे.

बंधपत्राची अट मोडून नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली, तर मात्र हे संरक्षण जाते.

नोकरीच्या अर्जात ‘कधी दोषी ठरवले गेले का?’ असे विचारले आहे. काय लिहू?

प्रश्न शब्दशः वाचा. चार वेगवेगळे प्रश्न एकाच रांगेत असतात: कधी अटक झाली का, खटला प्रलंबित आहे का, न्यायालयाने दोषी ठरवले का, शिक्षा झाली का. प्रोबेशन मिळालेल्याचे उत्तर प्रत्येकाला वेगळे येते. अटक झाली असल्यास ‘होय’. खटला प्रलंबित ‘नाही’, अपील चालू नसेल तर. दोषी ठरवले ‘होय’. शिक्षा ‘नाही’, पण खाली खुलासा द्यायचा. खुलासा असा लिहिता येईल:

‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अमुक यांनी खटला क्र. अमुक मध्ये दि. अमुक रोजी भारतीय दंड संहिता कलम ३२३ खाली दोषी ठरवून, कोणतीही शिक्षा न देता, अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ अन्वये एक वर्षाच्या बंधपत्रावर सोडले. मुदत दि. अमुक रोजी पूर्ण. बंधपत्राचा भंग नाही. निकालपत्राची नक्कल सोबत जोडली आहे.’

एवढेच. भांडण कसे झाले, भावकीचा बांधाचा वाद कसा होता, हे लिहायची ती जागा नव्हे.

लपवले तर काय होते? पोलीस भरती असो वा इतर सरकारी सेवा, साक्षांकन नमुना भरून घेतात आणि चारित्र्य पडताळणीत नोंद समोर येतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या अवतार सिंग निकालाचे (२०१६) सार असे की, खरी माहिती दिली तरी नेमणूक द्यायलाच हवी असे बंधन नाही, नियोक्ता योग्यायोग्यता पाहू शकतो. पण माहिती दडवली तर दडवणे हेच काढून टाकण्याचे कारण होऊ शकते. तरुणपणीची किरकोळ केस असेल तर दडवणेही माफ करण्याची मुभा नियोक्त्याला आहे. त्या मुभेवर भरवसा ठेवून ‘नाही’ लिहिणे मात्र जुगार आहे. किरकोळ मारहाणीच्या केसपेक्षा खोट्या ‘नाही’ने अधिक नोकऱ्या घालवल्या आहेत, असे आमचे मत आहे.

आधीच सरकारी नोकरीत आहे. नोकरी वाचेल का?

प्रोबेशन मिळाले म्हणून खात्याचे हात बांधले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात आणि पुन्हा १९९० मध्ये हे सांगितले: संविधानाच्या अनुच्छेद ३११ खाली (सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीतून काढण्याबाबतचा) कारवाई होते ती दोषसिद्धीला कारण ठरलेल्या वर्तनावर, आणि प्रोबेशनने ते वर्तन पुसले जात नाही. पण बडतर्फी ही आपोआप व्हायची गोष्टही नाही. खात्याने प्रकरणाचे स्वरूप पाहून निर्णय घ्यायचा असतो. बडतर्फी (पुढे कुठेही सरकारी नोकरी नाही) आणि सेवेतून काढणे (पुढची दारे खुली) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कलम १२ चा आधार इथे उपयोगी पडतो: १९८७ च्या एका निकालात त्याच कारणाने बडतर्फीचे रूपांतर सेवेतून काढण्यात करण्यात आले. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देताना हा मुद्दा सुटता कामा नये.

पासपोर्ट आणि व्हिसाचे काय?

पासपोर्ट कायद्यात नकाराचे कारण आहे ते असे: गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद. प्रोबेशनमध्ये कैदच नसल्याने हे कारण लागू होत नाही. खटला किंवा अपील चालू असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा न्यायालयाची परवानगी लागते. बंधपत्राच्या काळात परदेशी जायचे असल्यास पासपोर्ट मिळाला तरी अट बदलून घेतल्याशिवाय विमानात बसू नका.

व्हिसाच्या अर्जात त्या त्या देशाचा प्रश्न महत्त्वाचा, आपला कायदा नव्हे. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात अटक किंवा दोषसिद्धी कधीही झाली का असे विचारतात, माफी मिळाली असली तरी सांगा असे म्हणतात. तिथे उत्तर ‘होय’ आणि सोबत निकालपत्राची नक्कल व तिचे इंग्रजी भाषांतर.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला तिथे डिफर्ड जजमेंट देऊ करत आहेत. घ्यावे का?

तो अमेरिकेचा नागरिक नसेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात नाही. तिथल्या इमिग्रेशन कायद्यात ‘कन्व्हिक्शन’ची स्वतंत्र व्याख्या १९९६ पासून आहे. गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी कसलीही शिक्षा, दंड किंवा बंधन घातले, की ती पूर्ण होते. पुढे राज्याच्या न्यायालयाने आरोप काढून टाकला तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने दोषसिद्धी उरू शकते. ग्रीन कार्ड, एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा), नागरिकत्व, सगळ्यावर सावट येते. गुन्हा कबूल न करता केस स्थगित ठेवण्याचा पर्याय काही ठिकाणी असतो; तो आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा. बचाव पक्षाच्या वकिलाने हद्दपारीच्या धोक्याबद्दल अशिलाला सल्ला दिलाच पाहिजे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले आहे. तेव्हा सल्ला लेखी मागायला संकोच नको.

चॅप्टर केसचा बाँड, पॅरोल आणि हे सगळे एकच का?

तीन वेगळ्या गोष्टी. चॅप्टर केस ही प्रतिबंधक कारवाई. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते, गुन्हा शाबित झालेला नसतो, त्यामुळे ‘दोषी ठरवले का’ या प्रश्नाला तिच्यामुळे ‘होय’ लिहावे लागत नाही. पॅरोल आणि फर्लो, म्हणजे अभिवचन रजा आणि संचित रजा, शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळतात. नव्या न्याय संहितेतली समाजसेवा हीदेखील प्रोबेशन नव्हे, ती स्वतंत्र शिक्षा आहे. पाच हजार रुपयांखालच्या पहिल्या चोरीत, माल किंवा त्याची किंमत परत केली तर ती दिली जाते.

तुरुंग टळला आहे, मग अपील करण्यात अर्थ आहे का?

नोंदीचा प्रश्न ज्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणजे भरतीची तयारी करणारे, नोकरीत असलेले, परदेशी जाणारे, त्यांच्यासाठी आहे. दोषसिद्धी हटवण्याचा तोच सरळ मार्ग. प्रोबेशन स्वीकारले म्हणून अपिलाचा हक्क जात नाही. दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील दाखल करायचे असते. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका. धोकाही समजून घ्या: अपील न्यायालय प्रोबेशनचा आदेश रद्द करून शिक्षा देऊ शकते, मात्र खालच्या न्यायालयाला जेवढी देता आली असती त्याहून जास्त नाही. तीस दिवस उलटून गेले असतील तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो. ‘बाँडवर सोडले म्हणजे केस संपली असे वाटले’ एवढे कारण त्यात लिहून चालत नाही. ते कधी आणि कशामुळे कळले, याचा कागद लागतो, जसे की पडताळणीत आलेले नकाराचे पत्र.